पिशवी काढा म्हणाले होते

पाळीच्या दुखण्यावर आमच्याकडं तीन उत्तरं मिळतात. लग्न झालं की थांबतं. लेकरू झालं की थांबतं. आणि तरीही नाहीच थांबलं, तर पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढून टाका. मी बीड जिल्ह्यातली. माहेर धारूरच्या डोंगरातलं, सासर माजलगावकडचं. माझं लग्न झालं, मुलगी झाली, दुखणं होतं तिथंच राहिलं, आणि पिशवी काढायची तारीखही ठरत आली होती. ती कशी टळली आणि पुढं काय झालं ते लिहितेय. मी शाळेत शिकवते. दर महिन्याला एखादी तरी मुलगी पोट धरून बाकावर वाकलेली दिसते, तिच्यासाठी आणि तिच्या आईसाठी हे लिहिणं मला गरजेचं वाटतं.

माझं नववीपासून सुरू झालं. आदल्या रात्री कंबर भरून यायची. सकाळी ओटीपोटात पिळा बसायचा, मांड्या आतून ओढल्यासारख्या व्हायच्या. मग उलट्या, दोन-चारदा जुलाब, हातपाय गार. घरात कुणाला यात काही वेगळं वाटत नव्हतं, कारण आईचंही दुखायचं, आत्याचंही दुखायचं. "बाईच्या जातीला हे असायचंच," एवढ्यावर विषय संपायचा. वर्गशिक्षकांना कारण सांगायची सोय नव्हती, म्हणून हजेरीपटावर नुसते खाडे पडत गेले.

उपाय केला तो आजीनं. चुलीच्या कडेला विटेचा तुकडा तापवायची, जुन्या धोतराच्या फडक्यात दोनदा गुंडाळायची, आधी स्वतःच्या गालाला लावून बघायची आणि मग माझ्या ओटीपोटावर ठेवायची. सोबत ओवा आणि गुळाचा खडा. त्या विटेनं खरंच बरं वाटायचं. शेकानं पोटाचे आखडलेले स्नायू सैल पडतात, हे डॉक्टरही सांगतात. आज माझ्याकडं रबराची गरम पाण्याची पिशवी आहे. काम तेच आहे आणि मी ते अजूनही करते. मात्र शेक थेट कातडीवर घ्यायचा नाही. माझ्या पोटावर बरीच वर्षं जाळीसारखे काळपट डाग होते.

शिकायला अंबाजोगाईला आले तेव्हा पहिल्यांदा बाईडॉक्टरला दाखवलं. त्यांनी नीट समजावून सांगितलं. पाळीच्या वेळी गर्भाशयाच्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन नावाचं द्रव्य सुटतं. त्यानं गर्भाशय आकसतं आणि कळ येते. ते जास्त झालं की आतड्यांवरही परिणाम होतो, म्हणून उलट्या आणि जुलाब. मेफेनॅमिक अ‍ॅसिड, आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन या गोळ्या हे द्रव्य तयार होणंच कमी करतात. त्यामुळं गोळी घ्यायची वेळ महत्त्वाची. मी तोवर काय करायचे, तर सहन होईल तितकं सहन करायचं आणि डोळ्यांपुढं अंधारी आली की मेडिकलवरून एक गोळी आणायची. तोवर द्रव्य सुटून बसलेलं असायचं. त्यांनी सांगितलं की पाळीची चाहूल लागली की लगेच, काहीतरी खाऊन गोळी घे, आणि पहिले दोन-तीन दिवस ठरलेल्या अंतरानं घेत राहा. उपाशीपोटी नको. ज्यांना आम्लपित्ताचा, मूत्रपिंडाचा किंवा दम्याचा त्रास आहे त्यांनी विचारल्याशिवाय घ्यायचीच नाही.

इथं एक सांगितलंच पाहिजे. 2023 च्या शेवटी भारतीय औषधसंहिता आयोगानं मेफेनॅमिक अ‍ॅसिडबद्दल सावधानतेची सूचना काढली. क्वचित कुणाला या औषधाची 'ड्रेस' नावाची गंभीर प्रतिक्रिया येते. ताप, अंगभर पुरळ, गाठी सुजणं, आणि हे गोळी घेतल्यावर काही आठवड्यांनीही दिसू शकतं. असं काही झालं तर गोळी बंद करून दवाखाना गाठायचा. आमच्या गावात ही गोळी किराणा दुकानातसुद्धा सुटी मिळते, म्हणून मी हे प्रत्येकीला सांगते.

त्या बाईडॉक्टरांनी आणखी एक चिठ्ठी दिली होती, हार्मोनच्या गोळ्यांची. गर्भनिरोधक म्हणून ज्या देतात त्याच. त्यानं पाळीचं अस्तर पातळ राहतं आणि कळा कमी होतात. आईनं चिठ्ठी वाचून घेतली, घडी करून पदराला बांधली आणि पुन्हा सोडलीच नाही. "मेडिकलवाला आपल्याच गावचा हाय. लग्नाआधी त्या गोळ्या घेतल्या म्हणून पंचक्रोशीत होईल." मी आईला दोष देत नाही. तिची भीती खोटी नव्हती. पण त्या एका चिठ्ठीमुळं माझी किती वर्षं गेली, याचं वाईट वाटायचं ते वाटतंच.

मुलगी झाल्यावर वर्षभर बरं होतं. मग दुखणं परत आलं आणि या वेळी वेगळं होऊन आलं. पाळीच्या आधी आठवडाभर दुखायचं, पाळी गेल्यावरही दुखायचं. पाळीत संडासला बसताना आतून सुरी फिरल्यासारखं व्हायचं. नवऱ्याजवळ जाताना दुखायचं, आणि हे मी कुणाला म्हणजे कुणालाच सांगितलं नव्हतं. शाळेत फळ्याकडं तोंड करून मी दात आवळून उभी राहायचे. गोळीनं आता भागत नव्हतं.

तालुक्याच्या एका खासगी दवाखान्यात सोनोग्राफी झाली. डॉक्टरांनी रिपोर्ट वरवर पाहिला. "गाठ आहे. एक लेकरू आहे ना? मग काढून टाका पिशवी, कटकट जाईल. पुढं कॅन्सर-बिन्सर नको." माझं वय तेव्हा एकतीस. गाठ कुठं आहे, कसली आहे, हे त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, "मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात, समजून घ्या." परवानगीचं आम्ही बघतो, असंही म्हणाले.

परवानगी का लागते, ते बीडच्या बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्या जिल्ह्यातून दरसाल लाखो माणसं ऊसतोडीला जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. बाईनं एक दिवस खाडा केला तरी मुकादम पैसे कापतो. उसाच्या फडात ना पाणी, ना आडोसा; पाळीत मोळ्या वाहायच्या. अशा बायकांची गर्भाशयं मोठ्या संख्येनं काढली गेल्याचं 2019 मध्ये उघड झालं. विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली. जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यांतल्या 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. शंभरात सोळा-सतरा. त्यानंतर खासगी दवाखान्यांना या ऑपरेशनआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणं बंधनकारक झालं.

त्या आकड्यात माझी चुलती आहे. तिशीही ओलांडली नव्हती तेव्हा तिची पिशवी काढली, अंडाशयांसकट. मी दवाखान्यातून परस्पर तिच्याकडं गेले. ती ज्वारी निवडत होती. हातातलं सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "पोटातलं दुखणं गेलं, पण हाडातलं आलं. अंगातून वाफा निघतात, रात्रीची झोप न्हाई. मला कुनी इचारलं न्हवतं गं. तुला इचारतेत, तर तू आधी इचार की गाठ कशाची हाय." माझी तारीख टळली ती या बाईमुळं.

मग मी अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात गेले. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्याचा मोठा आधार झाला, कारण नंतर खेपा बऱ्याच पडल्या. केसपेपर काढला, रांगेत बसले. जाताना शाळेच्या वहीत सगळं लिहून नेलं होतं. कोणत्या तारखेला दुखलं, कुठं दुखलं, काय करताना वाढलं, कोणती गोळी घेतली, किती वेळ उतार पडला. जे तोंडानं सांगता येत नव्हतं तेही लिहिलं होतं. शिकाऊ डॉक्टर मुलगी होती, माझ्या विद्यार्थिनींपेक्षा थोडीच मोठी. तिनं वही शेवटपर्यंत वाचली, मला दोन-तीन प्रश्न विचारले आणि उठून मोठ्या डॉक्टरांना बोलावून आणलं.

आतून सोनोग्राफी झाली. उजव्या अंडाशयात जुन्या घट्ट रक्तानं भरलेली गाठ होती, तिला चॉकलेट सिस्ट म्हणतात. आजाराचं नाव एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखा थर गर्भाशयाच्या बाहेर उगवतो. अंडाशयावर, आतड्याच्या कडेला, पोटाच्या आतल्या पडद्यावर. दर पाळीला त्या जागीही सूज येते, रक्त येतं, आणि ते जायला वाट नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं पाळीच्या वयातल्या साधारण दहा टक्के बायका-मुलींना हा आजार असतो आणि तो ओळखायलाच कित्येक वर्षं जातात. सोनोग्राफी नॉर्मल आली तरी आजार नाही असं ठरत नाही, कारण बारीक डाग तिच्यात दिसत नाहीत.

मी पिशवीचं विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, "पिशवी काढली तरी पिशवीबाहेरचं तिथंच राहील की." एवढी साधी गोष्ट, आणि तालुक्यात मला ती कुणी सांगितली नव्हती. दुर्बिणीच्या ऑपरेशननं गाठ काढता येते, पण त्यात अंडाशयाचा चांगला भागही थोडा जाऊ शकतो. मला अजून एक मूल हवं होतं आणि गाठ फार मोठी नव्हती, म्हणून आधी औषध करायचं ठरलं. डायनोजेस्ट नावाची हार्मोनची गोळी, दोन मिलिग्रॅम, रोज एक, ठरल्या वेळी. यानं आजार मुळातून जात नाही, तो दबून राहतो. मूल हवं असेल तेव्हा गोळी थांबवायची. आणि ही गोळी गर्भनिरोधक म्हणून धरायची नाही, हेही बजावलं.

पहिले काही महिने सोपे नव्हते. मधूनमधून डाग लागायचे, डोकं दुखायचं, उगाच रडू यायचं. हे होईल असं आधीच सांगितलं होतं म्हणून टिकले. मग पाळी बंद झाली आणि सासूबाई घाबरल्या. पाळी आली नाही की सगळी घाण अंगात साठते, त्यानं बाईला वेड लागतं, असं त्यांनी आयुष्यभर ऐकलेलं. मी त्यांना पुढच्या खेपेला सोबतच नेलं. डॉक्टरांनी त्यांना समोर बसवलं. "आजी, गोळीमुळं आत अस्तर वाढतच नाही. साठायला काही असलं तर साठेल ना?" परतताना एसटीत सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. केज आलं तेव्हा म्हणाल्या, "मग आपल्या सुमीला बी दाखवावं का?" सुमी म्हणजे माझी नणंद. नाव बदललंय.

मिस्टरांशी बोलायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. जवळ येणं टाळते म्हणून ते मनातून दुखावले होते आणि मी का टाळते हे त्यांना माहीत नव्हतं. शेवटी तीच वही वाचायला दिली. त्यांनी वाचली. दुसऱ्या दिवसापासून रात्री नऊला गोळीची आठवण तेच करतात.

आता दुखणं पूर्ण गेलंय असं नाही. दगदग झाली की ओटीपोट जड होतं, मग शेक घेते. सहा महिन्यांनी सोनोग्राफी असते. गाठ लहान झालीय. उभं राहून सलग तास घेता येतात.

शाळेत मी एक करू शकते ते करते. 2018 साली अस्मिता योजना आली तेव्हा जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींना पाच रुपयांत आठ पॅड मिळू लागले आणि पॅडचं नाव निदान उघड घेता येऊ लागलं. दुखण्यापर्यंत ते बोलणं अजून पोचलेलं नाही. मी मुलींना सरळ विचारते. शाळा बुडते का, उलट्या होतात का, गोळी घेऊनही उतार पडत नाही का, पाळी नसतानाही दुखतं का, दर महिन्याला वाढत चाललंय का. यातलं काही असलं तर मी आईला बोलावून घेते. गोळी मी स्वतः कुणाला देत नाही.

परवा नववीतल्या एका मुलीची आई आली. कापसाच्या वेचणीतून तशीच आलेली, हाताला ओरखडे. सगळं ऐकलं आणि खाली बघत म्हणाली, "मॅडम, पोरीची पिशवी काढावी लागंल का?" चौदा वर्षांच्या मुलीबद्दल आईच्या मनात पहिला विचार हा यावा, याचा मला संताप येतो. तो तिच्यावर नाही. मी तिला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि नाही म्हणून सांगितलं. नंतर दोघींसोबत ग्रामीण रुग्णालयात गेले. मुलीला वेळेवर घ्यायच्या गोळ्या मिळाल्या. तीन महिने बघू, फरक पडला नाही तर अंबाजोगाईला पाठवू, असं डॉक्टर म्हणाले. मुलगी आता वहीच्या मागच्या पानावर तारखा लिहिते. येत्या गुरुवारी तिच्या आईलाही डॉक्टरांना दाखवायचं आहे. स्वतःच्या अंगावरून वर्षभर जास्त जातंय, हे आईनं त्या दिवशी निघता निघता दारात सांगितलं.