आयोडीनचा निळा थेंब

सदाशिव पेठेतल्या मावशीने परवा एक डबी पुढे केली आणि विचारले, "रोज चमचाभर घेतले तर कर्करोग होत नाही म्हणतात, खरे का गं?" डबीवर ठळक अक्षरांत 'रेशी अळिंबी' (औषधी मानले जाणारे एक मशरूम) असे होते, पाठीमागे मात्र बारीक अक्षरांत 'तांदळावर वाढवलेले कवकतंतू' अशी नोंद होती, आणि सगळा प्रश्न त्या बारीक अक्षरांतच आहे.

धिंगरी अळिंबी पिकवणाऱ्यांना हा प्रकार नवा नाही. त्यांचे स्पॉन, म्हणजे बियाणे, असेच तयार होते: गहू किंवा ज्वारी अर्धवट शिजवायची, पिशवीत निर्जंतुक करायची, त्यात कवक सोडायचे, दोन-तीन आठवड्यांत पांढरे तंतू दाण्यांना घट्ट बांधून टाकतात. फरक एवढाच, की शेतकरी ते काडात पेरतो आणि डबीवाले ते वाळवून, दळून विकतात. दाणे पिठातच राहतात.

मी पांढऱ्या बशीत चिमूटभर पूड पाण्यात कालवून टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकला. क्षणात गडद निळा रंग आला, म्हणजे पिष्टमय पदार्थ भरपूर. पिष्ट हेही ग्लुकोजच्याच साखळ्यांचे, पण अल्फा जोडणीचे. अळिंबीतल्या ज्या बीटा-ग्लुकानचे गुण गायले जातात ते वेगळे, बीटा जोडणीचे. वेष्टनावर नुसते 'पॉलिसॅकराइड', म्हणजे साखरेच्या लांब साखळ्यांचा कोणताही पदार्थ, असे लिहिले, तर त्यात तांदळाचे पिष्टही खपून जाते.

बीटा-ग्लुकानची कथा मात्र पोकळ नाही. १९६९ मध्ये जपानच्या गोरो चिहारा यांनी शिताके अळिंबीतून काढलेल्या अर्काने उंदरांमधील गाठी आक्रसल्याचे दाखवले. बीटा-ग्लुकान प्रामुख्याने रोगप्रतिकारक पेशींवरील डेक्टिन-१ सारख्या ग्राहींना चिकटून त्यांना जागे करते, असे मानले जाते. पुढे त्याच अर्कातले लेंटिनान नावाचे बीटा-ग्लुकान जपानमध्ये जठराच्या कर्करोगावर केमोथेरपीच्या जोडीने इंजेक्शनातून दिले जाऊ लागले. शुद्ध केलेले द्रव्य, इंजेक्शन, आधीच झालेला आजार: यातले काहीच मावशीच्या चमच्यात नाही. रेशीवरच्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे झालेल्या वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या अभ्यासात, पाच चाचण्या आणि ३७३ रुग्ण होते. मुख्य उपचार म्हणून ती वापरण्याइतका पुरावा त्यातही मिळाला नाही, आणि तो आढावाही उपचाराचा होता, प्रतिबंधाचा नव्हे.

शिवाय धान्यावरची प्रत्येक बुरशी मित्र नसते. ॲस्परजिलसचे अफ्लाटॉक्सिन यकृताच्या कर्करोगाचे सिद्ध कारण आहे, म्हणून धान्यावर कवक वाढवण्याचा प्रयोग स्वयंपाकघरात करू नये.

मावशी रक्त पातळ करणारी गोळी घेते, आणि रेशीचा रक्त गोठण्यावर परिणाम होऊ शकतो. त्यामुळे डॉक्टरांना विचारेपर्यंत डबी फडताळात वरच्या खणात गेली. किंमत विचारली, तर तिने विषय बदलला.