काच खाली जाते, वर येत नाही

आमच्या गाडीच्या पुढच्या डाव्या दाराची काच बिघडली, तीही अर्धवट. खाली व्यवस्थित जायची, वर यायचं मात्र नाव नाही. उज्जैनहून इंदूरला परतताना सांवेरच्या आसपास आईने भुट्टे घ्यायला काच उतरवली आणि मग ती चढेना. माझ्या, म्हणजे चालकाच्या दारात चारही काचांची बटणं असलेला मास्टर स्विच असतो; त्यावरून दाबून पाहिलं, तर ना वर ना खाली. त्यात आभाळ फाटलेलं. लोकमान्य नगरला पोहोचेपर्यंत आईची डावी बाही, सीट आणि भुट्टे, सगळं ओलंचिंब.

घरासमोर गाडी थांबवली. आईने दार थोडं उघडलं आणि उतरता उतरता वैतागून बटण वर ओढलं, तर काच सर्रकन वर! ‘दार उघडं असलं की ऐकते रे तुझी गाडी,’ असं म्हणून ती आत निघून गेली. पुढच्या सगळ्या शोधाला वाट दाखवली ती याच वाक्याने.

दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्याने बटण दाबलं, दाराला कान लावला आणि निकाल दिला, ‘भिया, मोटर गई. मशीन समेत बदलनी पड़ेगी.’ काच वरखाली नेणाऱ्या रेग्युलेटरला आपल्याकडे मशीनच म्हणतात. त्याचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. वर जाताना मोटरला काचेचं वजन उचलावं लागतं, शिवाय काच ज्या खाचेतून सरकते त्या चॅनेलच्या रबरात धूळ बसली असेल तर घर्षणही असतंच. त्यामुळे थकलेली मोटर आधी वर जायलाच नकार देते. पण अशी मोटर निदान गुरगुरते. काच इंचभर सरकते, बटण दाबताच आतला दिवा क्षणभर मंद होतो. आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं. आवाज नाही, दिव्याचं मिचकावणं नाही. म्हणजे मोटरपर्यंत करंटच पोहोचत नव्हता. आणि तीच मोटर खाली जाताना ठणठणीत चालत होती. मग हजारो रुपयांची नवी मोटर कशाला घालायची? ‘विचार करून सांगतो’ म्हणून गाडी घरी आणली.

फ्यूज आणि रिले (करंट जोडणारा-तोडणारा आपोआप स्विच) यांच्यावरचा संशय लगेच मिटला. बाकीच्या तीन काचा चालत होत्या, आणि हीसुद्धा एका दिशेने चालतच होती. मास्टर स्विचजवळ मुलांसाठी असलेलं विंडो लॉकचं बटण दबलेलं असेल, तर बाकी दारांची बटणं मरतात, चालकाची चालतात. आमचं नेमकं उलटं होतं.

इथे कागद-पेन्सिल घेऊन बसलो. ज्या साध्या गाड्यांमध्ये काचांसाठी वेगळा कॉम्प्युटर नसतो, तिथे या मोटरला दोनच तारा असतात. एकीला प्लस आणि दुसरीला अर्थ (अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतीचा रस्ता) मिळाला की काच वर, उलट केलं की खाली. बटणांना हात लावलेला नसतो तेव्हा दोन्ही तारा अर्थलाच जोडलेल्या असतात, आणि तो अर्थ डाव्या दारातल्या स्विचमधून, मग चालकाच्या मास्टर स्विचमधून फिरून येतो. डाव्या बाजूचं बटण दाबलं की त्यातली फक्त एक तार अर्थ सोडून प्लसला जाते. परतीचा रस्ता दुसऱ्या तारेतून मास्टर स्विचकडे असतो.

आता समजा, या दोन स्विचना जोडणाऱ्या तारांपैकी ‘खाली’ची तार तुटली. डाव्या बटणावरून काच खाली न्यायची तर प्लस तिथल्या तिथे मिळतो आणि परतीचा रस्ता ‘वर’च्या तारेतून, जी शाबूत आहे. काच उतरते. वर न्यायची तर परतीचा रस्ता त्या तुटलेल्या तारेतून. काच ढिम्म. आणि मास्टर स्विचवरून? तिथे एका तारेने जायचं आणि दुसरीने परतायचं, त्यामुळे एक तुटली की दोन्ही दिशा बंद. आमच्या दाराचं लक्षण हुबेहूब हेच. मोटर खराब असती तर कुठलंही बटण दाबा, ती सारखीच वागली असती. कुठल्या बटणाने कुठली दिशा चालते, एवढं नीट तपासलं तर निम्मं निदान पान्याला हात न लावता होतं.

डोअर पॅड, म्हणजे दाराचं आतलं आवरण, काढणं हे कौशल्यापेक्षा धीराचं काम. एक स्क्रू हँडलच्या वाटीत, एक आर्मरेस्टखाली, बाकी कडेने प्लास्टिकच्या क्लिपा. त्या तुटतातच, म्हणून आधीच जास्तीच्या आणून ठेवाव्यात. आत डिंकासारख्या पट्टीने चिकटवलेला प्लास्टिकचा पडदा असतो. तो फाडू नका. पावसाचं पाणी काचेवरून दाराच्या पोटात उतरतच असतं, ते आतल्या बाजूला येऊ नये म्हणून तो असतो.

जेल रोडवरून आणलेला मल्टिमीटर मोटरच्या सुट्या केलेल्या कपलरला, म्हणजे तारा जोडणाऱ्या प्लगला, लावला. ‘खाली’ दाबलं, बारा व्होल्ट. ‘वर’ दाबलं, तरी बारा व्होल्टच! म्हणजे तारा ठीक आणि मोटरच गेलेली? गॅरेजवाला जिंकला, असं तिथे कुणालाही वाटेल. पण मल्टिमीटर जवळजवळ करंट ओढतच नाही. जाड तारेतला एखादा धागा कसाबसा टेकलेला असला, तरी तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. खरी परीक्षा तारेवर भार टाकल्यावर होते. म्हणून इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब होल्डरसकट कपलरला जोडला. हा बल्ब पावणेदोन अँपिअरच्या आसपास करंट घेतो. मोटरला याहून कितीतरी जास्त लागतो. ‘खाली’ दाबलं, लख्ख उजेड. ‘वर’ दाबलं, बल्बमधली तार नुसती लालसर. मग बायकोला बटण धरून ठेवायला सांगितलं आणि दार हळूहळू उघडत गेलो. एका कोनावर बल्ब भक्कन पेटला, अजून उघडलं की विझला.

तारा चालकाच्या दारातूनही येतात, त्यामुळे तुटण्याच्या दोन जागा संभवत होत्या. पण डावं दार हलवल्याने फरक पडतो हे आईने आधीच दाखवलं होतं. बिजागरीजवळ दार आणि पिलर (दार ज्यावर बसतं तो गाडीचा खांब) यांच्यामध्ये रबराची घडीदार नळी असते, सगळ्या तारा तिच्यातून जातात. दार उघडा, मिटा, प्रत्येक वेळी त्या तिथेच वाकतात. नळी दाराकडून सोडवून मागे सरकवली, तर सगळं कव्हर दिसायला धडधाकट. मग एकेक तार चिमटीत धरून हलकेच ओढली. शाबूत तार ताणत नाही. हिरवी-पांढरी मात्र रबरासारखी लांबली. आतलं तांबं तुटलेलं, वर नुसतं कव्हर शिल्लक.

दुरुस्तीत एक गोष्ट सांभाळायला हवी. तुटलेल्या जागीच जोड मारायचा मोह होतो, पण सोल्डर केलेली तार ताठ होते, आणि ताठ तार वाकत्या जागी पुन्हा तुटते. म्हणून बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढून तेवढा तुकडाच कापून टाकला. महाराणी रोडवरून त्याच जाडीची, बारीक धाग्यांची लवचीक तार आणली होती. ती नळीतून ओवली, एक जोड दाराच्या आत आणि दुसरा पिलरच्या आत घेतला आणि दोन्हींवर गरम केल्यावर आवळली जाणारी श्रिंक नळी चढवली. ओवण्यातच सगळ्यात जास्त वेळ गेला. जुन्या क्लच वायरला बांधून आणि नळीत टाल्कम पावडर टाकून अखेर ती सरकली. पडदा परत लावण्याआधी काचेच्या रबरी चॅनेलमध्ये सिलिकॉन स्प्रे मारून घेतला. तिथे ग्रीस लावू नये, त्यावर धूळ चिकटते आणि काच आणखी जड होते.

काच आता दोन्ही बटणांनी दोन्हीकडे जाते. बॅटरी काढल्यामुळे घड्याळ आणि रेडिओची स्टेशनं तेवढी पुन्हा लावावी लागली. एका स्पर्शात आपोआप वर जाणारी काच असेल, तर बऱ्याच गाड्यांत काच पूर्ण चढवून बटण काही सेकंद धरून ठेवावं लागतं, तेव्हा तिला पुन्हा हद्द कळते; पद्धत गाडीच्या पुस्तिकेत असते.

हत्यारं बाहेर होतीच, म्हणून चालकाच्या दाराची नळीही सोडवून पाहिली. तिथला तारांचा जुडगा बराच जाड, कारण चारही काचांच्या तारा मास्टर स्विचकडे तिथूनच जातात. ओढून पाहिलं तर तांबं सगळ्यांचं शाबूत होतं, पण दोघींचं कव्हर वाकण्याच्या जागी चिरलेलं. सध्या कापडी टेप गुंडाळली आहे. दिवाळीआधी तेवढे तुकडे बदलायचे आहेत.