अंडकोषाची सूज : माझा अनुभव

सुरुवातीला डाव्या अंडकोषात नुसता जडपणा होता. संध्याकाळपर्यंत चालताना कळ जांघेत जायला लागली. दुसऱ्या दिवशी उठलो तेव्हा ती बाजू सुजून लालसर झाली होती, हाताला गरम लागत होती आणि अंगात कणकण होती. त्याआधी काही दिवस लघवीला जळजळ होत होती, सारखं जावंही लागत होतं. मूळ तिथेच होतं, हे नंतर कळलं.

मी तडक डॉक्टरांकडे गेलो. त्यांचा पहिलाच प्रश्न होता, "दुखणं एकदम सुरू झालं की हळूहळू वाढलं? उलटी झाली का?" वृषणाला, म्हणजे अंडकोषातल्या गोळीला, पीळ पडला, तर त्याचा रक्तपुरवठा तुटतो. तेव्हा दुखणं अचानक आणि असह्य सुरू होतं, बऱ्याचदा मळमळ-उलटी होते आणि वृषण वर ओढलं गेल्यासारखं दिसतं. साधारण 6 तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली, तर ते वाचण्याची शक्यता सर्वांत जास्त. पीळ कोणत्याही वयात पडू शकतो, पण किशोरवयीन मुलांमध्ये जास्त. म्हणून घरातल्या मुलाने "इथे दुखतंय" म्हटलं, तर त्याला लाजवू नका, रात्र असली तरी दवाखान्यात न्या. दुखणं पिळाचं की जंतुसंसर्गाचं, हे घरी बसून ठरवता येत नाही.

माझी डॉपलर सोनोग्राफी झाली. पिळात रक्तप्रवाह कमी किंवा बंद दिसतो; माझा उलट वाढलेला होता, म्हणजे दाह. वृषणाच्या मागे एपिडिडिमिस नावाची वेटोळी नळी असते, शुक्राणू तिथे परिपक्व होतात. लघवीतला संसर्ग मागे सरकत आधी तिथे आणि मग वृषणापर्यंत पोचला होता.

मग शरीरसंबंधांविषयी प्रश्न आले. ते सरळ विचारले गेले, मीही सरळ उत्तरं दिली. उपचार त्यावरच ठरतात. तरुणांमध्ये बहुधा क्लॅमिडिया किंवा गनोरिया हा शरीरसंबंधांतून पसरणारा संसर्ग कारणीभूत असतो आणि मग जोडीदारालाही औषध घ्यावं लागतं. माझ्यासारख्या पन्नाशी ओलांडलेल्यांमध्ये लघवीतले जंतू जास्त आढळतात; माझ्या लघवीच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीत) ई. कोलाय हा जंतू निघाला. गालगुंडानंतरही वृषण सुजतं, पण तो विषाणू, त्यावर अँटिबायोटिक चालत नाही.

गोळ्यांचा कोर्स साधारणपणे 10 ते 14 दिवसांचा असतो. पण पहिल्या रात्री मला खरा आराम मिळाला तो आडवं पडून, मांड्यांमध्ये टॉवेलची घडी ठेवून अंडकोष वर उचलून धरल्यावर. लोंबता राहिला की ठणका वाढायचा. उठायचं झालं तर आधार देणारी घट्ट चड्डी घालायचो. कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं लावायचो, उघडा बर्फ कातडीवर कधीच नाही. गरम शेक घ्यायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. वेदनाशामक आणि सूज कमी करणारी गोळीही त्यांनीच दिली. मूत्रपिंड किंवा पोटाचा त्रास असणाऱ्यांना ती चालेलच असं नाही, म्हणून स्वतःच्या मनाने घेऊ नये. पाणी भरपूर प्यायलो. जड उचलणं आणि शरीरसंबंध बंद.

ताप आणि ठणका लवकर ओसरला, सूज मात्र रेंगाळली. मागच्या बाजूला कडकपणा लागायचा आणि त्याची धास्ती वाटायची. असा कडकपणा काही आठवडे राहू शकतो, हे आधी सांगितलं होतं म्हणून धीर होता. तीन दिवसांत काहीच फरक पडला नाही तर मात्र परत या, असंही बजावलं होतं. कधी आत पू होतो, कधी औषध बदलावं लागतं. बरं वाटतंय म्हणून गोळ्या मध्येच सोडायच्या नाहीत, यावर त्यांचा फार भर होता, आणि मी शेवटची गोळीही घेतली.

सूज उतरल्यावर पुन्हा सोनोग्राफी झाली. वृषणातली कर्करोगाची गाठ कधी कधी सुजेसारखीच भासते, ती मागे दडलेली नाही ना, हे पाहायचं होतं. तसं काही निघालं नाही. लघवी अडत असल्यामुळे प्रोस्टेटही (मूत्राशयाखालची पुरुषांमधली ग्रंथी) तपासलं. ते वाढलेलं आहे आणि त्याची औषधं आता सुरू आहेत.