ऑस्ताची कमान आणि विकलेले सलासी

इटलीतल्या तोरिनो शहराबद्दल पुन्हा कधीतरी लिहीन. सध्या डोक्यात ऑस्ताच आहे, आणि तिथल्या वाटाड्याचा राग.

इटलीच्या वायव्य टोकाला, आल्प्सच्या खोऱ्यातलं हे गाव. रोमन सम्राट ऑगस्टसच्या कमानीभोवती गाड्या गरगर फिरतात, माथ्यावर १८व्या शतकात चढवलेलं दगडी पाट्यांचं छप्पर. मला काही ती देखणी वाटली नाही. वाटाड्या दगडांवर तासभर बोलला आणि सलासींना, म्हणजे रोमनांच्या आधी इथे राहणाऱ्या टोळीला, एका वाक्यात उडवलं: डोंगरातले लुटारू!

अहो, खोरं त्यांचं होतं. दोन्ही सेंट बर्नार्ड खिंडींच्या वाटा त्यांच्या हातात, दोरा बाल्तेआ नदीच्या पाण्यावर ते सोनं धुवायचे. सीझरच्या खुनानंतर पळणाऱ्या डेसिमस ब्रूटसकडून (खुनाच्या कटातला एक) त्यांनी माणशी एक द्राख्मा (ग्रीक नाणं) जकात घेतली, आणि शेजारी हिवाळी तळ टाकलेल्या रोमन सेनापती मेस्सालाला जळणासाठीही पैसे मोजायला लावले, असं ग्रीक भूगोलकार स्ट्राबो लिहितो. मला तर वाचून गंमत वाटली. आज माँ ब्लाँच्या बोगद्यातून गाडी न्यायला पन्नासच्या वर युरो घेतातच की.

त्यांना नमवायला रोमनांनी मीठ तोडलं. दोन वर्षांच्या वेढ्यानंतर सलासी शरण आले, पण सेनापतीची पाठ वळताच रोमन शिबंदी हाकलली आणि या वेळी आधी मीठ साठवलं! अखेर इ.स.पू. २५ मध्ये रोमन सेनापती टेरेन्टियस वारो आला. ठरलेली खंडणी वसूल करायच्या मिषाने सैनिक पाठवले आणि माणसं धरली. स्ट्राबोचा आकडा ३६,०००, त्यात ८,००० लढवय्ये. सगळ्यांचा लिलाव खोऱ्याच्या तोंडाशी असलेल्या इव्रेआ गावात. तरण्यांना वीस वर्षं मुक्त करायचं नाही, ही अट. येताना आमची बस इव्रेआला थांबली, मंडळी कॉफीला उतरली. मी बसूनच राहिलो.

मग ३,००० रोमन आणून हे गाव वसवलं. इथेच एक शिलालेख सापडलाय, इ.स.पू. २३च्या आसपासचा. सुरुवातीलाच वसाहतीत आलेल्या सलासींनी त्यात ऑगस्टसला आपला आश्रयदाता म्हटलंय. लिलावाला जेमतेम दोन वर्षं झालेली. फितूर म्हणायला माझी जीभ रेटत नाही. भाऊबंद बाजारात विकले गेलेले, खिंडीत रोमन पहारा, आणि पोट तर याच खोऱ्यात भरायचं होतं.