गव्हाच्या मुळाला तिरके धरणारे जनुक

काचेच्या पेल्यात टिपकागदाच्या आड बन्सी गव्हाचे सहा दाणे लावून ठेवले होते. चौथ्या दिवशी पाहतो तो प्रत्येक दाण्याचे मधले मूळ जवळजवळ सरळ खाली उतरलेले, आणि त्याच्या दोन्ही अंगांची मुळे छपराच्या वाशांसारखी तिरकी. ओढ तर सगळ्यांनाच खालची. मग ही तिरकी का?

मूलटोपीतल्या, म्हणजे मुळाच्या टोकावरच्या आवरणातल्या, काही पेशींमध्ये पिष्टाचे जड कण असतात. मूळ कलले की ते पेशीच्या खालच्या बाजूला बसतात, त्यामागोमाग ऑक्झिन हे संप्रेरक मुळाच्या खालच्या अंगाला जास्त साठते, तिथली वाढ मंदावते आणि टोक खाली वळते. इथवरचे शाळेतही शिकवतात. मात्र हे वळणे अर्ध्यावर रोखून धरणारीही एक यंत्रणा आहे, आणि मला खरी गंमत तिथे वाटते. ईजीटी2 हे जनुक आधी बार्लीत सापडले. ते बिघडलेल्या रोपांची मुळे अधिक उभी वाढतात, असे 2021 मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे हे जनुक मुळाला खाली ओढत नाही, आवरून धरते. भाताच्या डीआरओ1 या जनुकाचे काम नेमके उलटे आहे: आयआर64 या वाणात ते दुबळे आहे, म्हणून त्याची मुळे उथळ राहतात, फिलिपिन्सच्या किनांदांग पातोंग या वाणातले सशक्त रूप त्यात आणल्यावर ती खोल गेली.

गव्हात काम इतके सरळ नाही. बन्सी, म्हणजे ड्यूरम गहू, चतुर्गुणित आहे. त्यात गुणसूत्रांचे अ आणि ब असे दोन संच, प्रत्येक जोडीने, असतात. त्याच 2021 च्या कामात ड्यूरममधल्या ईजीटी2 च्या दोन्ही संचांतल्या प्रती बिघडवल्या, तेव्हा त्याचीही मुळे उभी झाली. पोळीच्या गव्हात तर ड हा तिसरा संच असतो, त्यामुळे एखादी प्रत बिघडली तरी उरलेल्या प्रती तिचे काम सांभाळून नेऊ शकतात.

काळ्या जमिनीत साठलेल्या ओलीवर जिरायत गहू घेणाऱ्याला उभी, खोल मुळे हवीत, कारण दाणा भरण्याच्या वेळी ओल खालीच उरलेली असते. स्फुरद (फॉस्फरस) मात्र वरच्या थरात जास्त असतो; तो उचलायला पसरट मुळेच बरी. त्यामुळे ‘उभे तेच उत्तम’ हे सरसकट विधान मला पटत नाही.

काल सकाळी पेला आडवा करून ठेवला होता. संध्याकाळपर्यंत जुनी मुळे होती तशीच आडवी राहिली होती, फक्त टोकाकडचे काही मिलिमीटर खाली वळले होते.