उजव्या कानशिलावरची कॅप्सूल

एमआरआय काढण्याआधी आमचे टेक्निशियन काका प्रत्येकाच्या उजव्या कानशिलावर व्हिटॅमिन ईची एक कॅप्सूल मायक्रोपोरने चिकटवायचे. मेडिकलमधून चेहऱ्याला लावायला आणतात ना, तीच हिरवी. आत तेल असतं आणि टी-वन नावाच्या एमआरआय चित्रात तेल पांढरंशुभ्र उठतं. मला तो पोरखेळ वाटायचा.

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. पुण्यात अपस्मारावरच्या एका संशोधनात मी हिप्पोकॅम्पस आखायचं काम करत होते. मेंदूच्या कानाजवळच्या भागाच्या, म्हणजे टेम्पोरल लोबच्या, आतल्या अंगाला दडलेला हा समुद्रघोड्यासारखा भाग मोठ्या माणसात एका बाजूला साधारण 3 घनसेंटिमीटर भरतो. फिट येणाऱ्या काही जणांत तो एका बाजूला आक्रसतो. 1-1 मिलिमीटरच्या कापावर माउसने कड काढत जायची. एका डोक्याला दीड-दोन तास. खोलीत अंधार, एसी असा की जूनमध्येही शाल.

कुणाची फिट कुठल्या बाजूची, हे आम्हाला मुद्दाम कळू देत नसत. मी आणि माझी सहकारी एकच डोकं वेगवेगळं आखायचो आणि मग आकडे ताडून बघायचो. छान जुळायचे. सर खूश, आम्हीही खूश.

त्या दिवशी जेवण अंगावर आलं होतं. माउसचं चाक चुकून फिरलं आणि अख्खं डोकं पडद्यावर आलं. एरवी आम्ही इतकं झूम करून बसायचो की कवटी दिसायचीच नाही. कानशिलापाशी पांढरा ठिपका होता, पडद्याच्या उजव्या अंगाला. रेडिओलॉजीत पेशंटला पायाकडून बघतात, त्यामुळे त्याची उजवी बाजू आपल्या डावीकडे येते. पडद्यावरचं 'आर' हे अक्षरही डावीकडेच होतं. कॅप्सूल मात्र विरुद्ध बाजूला.

काकांची चूक, दुसरं काय! तडक गेले.

"काका, याला कॅप्सूल डावीकडे लावलीत का?"

"मॅडम, एखाद्याला लावलीही असेल. पण पुढचे बघितले का?"

पुढचा उघडला. त्याच्यापुढचा. त्या गठ्ठ्यातले सगळे तसेच. काका चुकले असते तर एखाद्यात चुकले असते, ओळीने नाही. 'आर' हे अक्षर फाइलच्या हेडरमधून, म्हणजे चित्रासोबत नोंदलेल्या माहितीतून येतं, कॅप्सूल डोक्याला चिकटलेली असते. खरं कोण, हे उघड होतं.

तो गठ्ठा मधे जुन्या अ‍ॅनालाइझ फॉरमॅटमधून फिरून आला होता. डावं कुठलं, उजवं कुठलं हे भरवशाने लिहून ठेवायची सोय त्यात नाही. शिवाय डायकॉममध्ये, म्हणजे मशिनमधून येणाऱ्या फाइलींच्या फॉरमॅटमध्ये, आडवा अक्ष पेशंटच्या डावीकडे वाढतो, तर निफ्टी या संशोधनात वापरायच्या फॉरमॅटमध्ये उजवीकडे. कुणीतरी तो उलटवायला विसरलं होतं किंवा दोनदा उलटवला होता. आणि आमचे ते जुळणारे आकडे! दोघीही एकाच उलट्या चित्राकडे बघत होतो, न जुळून सांगतात कुणाला?

सगळ्यात आधी पोटात गोळा आला तो पेशंटच्या रिपोर्टचा. पण ते मशिनवरून थेट आलेल्या मूळ डायकॉमवर झाले होते, त्यांना धक्का नव्हता. चुकलं होतं ते फक्त आमचं.

कुणी म्हणालं, नुसती डावी-उजवी नावं बदला. सरांनी ऐकलं नाही. सगळं मूळ डायकॉममधून पुन्हा काढायचं आणि प्रत्येकाची कॅप्सूल बघायची. सुरुवातीच्या काहींना कॅप्सूल लावलीच नव्हती. बहुतेकांच्या मेंदूत उजवा फ्रंटल (पुढचा) लोब किंचित पुढे आणि डावा ऑक्सिपिटल (मागचा) किंचित मागे असतो खरा, पण एकट्यादुकट्या डोक्यावर त्याच्या जोरावर निकाल देता येत नाही. मग जुन्या सीडींची शोधाशोध. आठवडाभर कपाटं उपसली.

एक सोडून सगळ्या मिळाल्या. त्या एकाची आखणी, माझ्या हातच्या चांगल्या आखण्यांपैकी, बाजूचा रकाना कोरा ठेवून फोल्डरमध्ये पडून राहिली.