चाकू लावला की पसरतो म्हणे

आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या आत्याला ब्रेस्ट कॅन्सर निघालाय, ऑपरेशनची तारीख ठरली आणि भेटायला येणारे सगळे एकच सांगतायत की चाकू लावू नका, हवा लागली की पसरतो. आत्या जाम घाबरलीये, आणि मला खरंच राग येतोय.

हवेने कॅन्सर पसरत नाही हो. आधी लोकं फार उशिरा जायचे, पोट उघडल्यावर कळायचं की सगळीकडे गेलाय, मग दोष चाकूवर.

तरी भीती अगदीच पोकळ नाहीये, ऑपरेशनच्या वेळी गाठीतल्या काही पेशी रक्तात जाऊ शकतात हे डॉक्टरही मानतात, आणि मुंबईच्या टाटा हॉस्पिटलने यावरच काम केलंय. चाकू लावायच्या काही मिनिटं आधी गाठीभोवती लिडोकेनचं इंजेक्शन द्यायचं, तेच, बधिर करायचं स्वस्तातलं औषध! सुमारे १६०० बायकांवरचा हा अभ्यास २०२३ मध्ये छापून आला, ५ वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण इंजेक्शनवाल्यांत ९०.१ टक्के, बाकीच्यांत ८६.४.

मी आत्याला हा दुसरा आकडाच परत परत दाखवला, की बघ, इंजेक्शन न देता नुसतं ऑपरेशन आणि पुढची ट्रीटमेंट झालेल्यासुद्धा इतक्या जणी आहेत, आणि गाठ आत ठेवली तरी ती पेशी सोडतच राहणार ना, वर वाढणार ते वेगळंच.

सोमवारी सर्जनना विचारणारोत की लिडोकेन देता येईल का, आणि काखेतल्या गाठींचं काय करणार.